माया संस्कृतीच्या (मध्य अमेरिकेतली प्राचीन संस्कृती) शिल्पात ती बाई जिभेतून दोरी ओढतेय, ती शिक्षा आहे का?

शिक्षा नाही हो, उलट ती राणी आहे आणि स्वतःहून करतेय. तुम्ही बघितलेला फोटो बहुतेक याश्चिलानच्या 24 नंबरच्या लिंटेलचा असणार. मेक्सिकोत उसुमासिंता नदीकाठी हे माया शहर होतं आणि ही चुनखडीची शिळा तिथल्या एका इमारतीच्या दारावर आडवी बसवलेली, कोरीवकाम खालच्या बाजूला, म्हणजे आत शिरताना मान वर केली तरच दिसणार.

राणीचं नाव काबाल शोक, समोर मोठी पेटती मशाल धरून उभा तो तिचा नवरा, राजा. त्यांच्यात देवाला, पूर्वजांना रक्त अर्पण करायची प्रथा होती आणि त्यात राजघराण्यातले लोक पुढे. नीट झूम करून बघा, दोरीला काटे आहेत, तोंडाभोवती ठिपक्यांची नक्षी दिसते ना ते रक्त, आणि खाली टोपलीत रक्ताचे डाग पडलेले कागद. एवढं असून चेहरा एकदम शांत! मला तर तिच्या कपड्यावरची चौकटीची वीणच जास्त आवडते, दगडात कापड कोरलंय अक्षरशः.

वरच्या पट्टीतल्या लिपीत तारीखसुद्धा आहे, आपल्या हिशोबाने इ.स. 709.

पुढची गोष्ट 25 नंबरवर. तिथे भलामोठा साप वर उठलाय, त्याच्या जबड्यातून एक योद्धा बाहेर येतोय आणि राणी खालून त्याच्याकडे बघतेय, तो साप म्हणजे तिला झालेला दृष्टांत. दोन्ही शिळा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, 1880च्या दशकात आल्फ्रेड मॉडस्ले या ब्रिटिश संशोधकाने तिकडे नेल्या.