व्हॉडव्हिल ही शैली नव्हे, दरी!

प्रश्न : न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरची इमारत ‘व्हॉडव्हिल शैलीत’ बांधली आहे, असे एका प्रवासवर्णनात वाचले. ही वास्तुशैली कशी ओळखायची?

अशी वास्तुशैलीच नाही! गॉथिक, बरोक यांच्या रांगेत व्हॉडव्हिलला बसवलेले वारंवार वाचावे लागते आणि दर वेळी जीव तळमळतो. ‘लावणी शैलीतला वाडा’ असे आपण म्हणू का? व्हॉडव्हिल हा रंगमंचावरच्या खेळाचा प्रकार. एका तिकिटात गाणी, नकला, कसरती, जादू, एकामागून एक.

पॅलेस हे मार्टिन बेक या नाट्यव्यावसायिकाने बांधवले आणि २४ मार्च १९१३ला उघडले. ध्वनिक्षेपकाचा तो काळ नव्हे. नकलाकाराचा चेहरा आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा, म्हणून सुमारे १,७०० खुर्च्यांतल्या बऱ्याचशा दोन सज्ज्यांवर चढवून रंगमंचाजवळ आणल्या. खेळाने वास्तूला दिले ते हे. १९८७ साली या अंतर्भागाला वारसा-संरक्षण मिळाले. त्यामुळेच तो पाडता येईना, आणि खाली दुकानांना जागा करायला २०२२मध्ये अख्खे प्रेक्षागृह ३० फूट वर उचलले.

पण ‘व्हॉडव्हिल’ हा शब्द त्याहून लांबून आला आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात वीर नावाची नदी आणि तिच्या काठी त्याच नावाचे गाव आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘वो’ म्हणजे दरी. ‘वो द वीर’ म्हणजे वीरची दरी. पंधराव्या शतकात तिथे ओलिव्हिए बासलँ हा लोकरीचे कापड कुटून घट्ट करणारा गिरणीवाला होऊन गेला, असे परंपरा सांगते. त्याच्या नावावरची मद्यगीते गावाच्या नावाने फिरली. पैठणची ती पैठणी, तशी ही ‘वोदवीर’. दूरच्या लोकांना वीर कुठे ठाऊक? त्यांनी ‘वील’, म्हणजे शहर, असे ऐकले आणि ‘वोदवीर’चे ‘वोदवील’, म्हणजेच आपले ‘व्हॉडव्हिल’, झाले.

काही पंडित ‘व्वा द वील’, म्हणजे ‘शहराचे स्वर’, अशी फोड करतात आणि शार्दाव्वान या फ्रेंच संगीतकाराच्या १५७६च्या गीतसंग्रहाचे शीर्षक पुढे करतात. मला ते साफ अमान्य आहे. बासलँनंतर शंभराहून अधिक वर्षांनी छापलेले शीर्षक उगमाचा पुरावा कसे होईल? मूळ विसरले की लोक ओळखीचा अर्थ चिकटवतात. पोर्तुगीज ‘पाँव’वरून आलेल्या पावाला ‘पायाने मळतात म्हणून पाव’ म्हणणारे आपल्याकडे आजही भेटतात.

‘बासलँची म्हणून छापलेली गाणी मुळात ज्याँ ल ऊ या वकिलाची’ हा दुसरा आक्षेप. असतील! पण हा ल ऊ तरी कुठला? वीरचाच.