सोलो पदार्पणाचा नंबर कसा वाचायचा

बीटीएस किंवा ब्लॅकपिंक या दक्षिण कोरियाच्या पॉप ग्रुपमधल्या कुणाचं सोलो गाणं अमेरिकेत आलं की सगळे लगेच नंबर विचारतात. तुम्ही आधी विचारा, चार्ट कुठला? अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या क्रमवाऱ्यांपैकी हॉट १०० गाण्यांचा, बिलबोर्ड २०० अल्बमचा.

हॉट १०० मध्ये स्ट्रीमिंग, विक्री आणि रेडिओ तिन्ही धरतात. पहिल्या दोन गोष्टी चाहते जोर लावून वर नेऊ शकतात. रेडिओवर मात्र स्टेशनवाल्यांनी गाणं लावायला हवं, आणि परदेशी गायकाचं घोडं बहुतेकदा तिथेच अडतं. एप्रिल २०२३ मध्ये बीटीएसच्या जिमिनचं 'लाइक क्रेझी' थेट पहिल्या नंबरवर आलं. दक्षिण कोरियाच्या सोलो गायकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पुढच्याच आठवड्यात ते ४५ वर! तेवढ्यावरून तो मान माझ्या लेखी जराही कमी होत नाही. चाहत्यांनी पैसे मोजून गाणं घेतलं होतं. पण गाणं चाहत्यांपलीकडे पोचलं का, हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतं. ब्लॅकपिंकची रोझे आणि अमेरिकन गायक ब्रुनो मार्सचं 'आपाट' आठव्यावर आलं आणि पुढे तिसऱ्यापर्यंत चढलं.

ब्रिटनच्या ऑफिशियल सिंगल्स चार्टमध्ये रेडिओ धरतच नाहीत, त्यामुळे दोन्हीकडचे नंबर शेजारी ठेवून भांडू नका. आणि रिलीजचा वार बघा. मोजणी शुक्रवार ते गुरुवार चालते. सोमवारी आलेल्या गाण्याला पहिल्या आठवड्यात चारच दिवस मिळतात.