सकाळी २१०, दुपारी ३८: तुमचं यंत्र खोटं बोलत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वाळवा तालुक्यात राहता. वडिलांना दमा आहे म्हणून पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मोजणारा छोटा लेझर सेन्सर घेऊन ओसरीवर लावलात. जानेवारीत सकाळी साडेसहाला तो २१० दाखवतो आणि दुपारी दोनला ३८. त्याच दिवशीच्या उपग्रहाच्या नकाशात मात्र तुमचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. मग खरं कोण? आणि गावातले एक जण म्हणाले की हवेतले कण ऊन अडवतात, म्हणजे गारवाच देतात, मग एवढी ओरड कशाला?

आधी वडिलांचं सांगतो, कारण ते सर्वांत तातडीचं आहे. ते पहाटे सहाला फिरायला जातात असं तुम्ही लिहिलंय. ऊस तोडणीच्या दिवसांत ती वेळ बदला. ऊन चांगलं वर आल्यावर, साडेनऊ-दहाला जाऊ द्या, नाहीतर दुपारी चारनंतर. दिवस मावळल्यावर नको. औषधात किंवा पंपात मात्र आकडे बघून आपल्या मनानं काही बदलू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

आता कारण. थंडीत रात्री जमीन भराभर निवते आणि तिला टेकलेली हवाही निवते. वर त्यापेक्षा उबदार हवा असते. खाली गार आणि वर ऊबदार, असा उलटा थर बसला की खालची हवा वर जाऊ शकत नाही, जणू पातेल्यावर झाकण. चुलीचा, बंबाचा, वीटभट्टीचा, फडात पेटवलेल्या पाचटाचा सगळा धूर त्या झाकणाखाली साचत राहतो. समजा पहाटे ते झाकण २०० मीटरवर आहे आणि दुपारी ऊन तापल्यावर हवा १६०० मीटरपर्यंत घुसळली जाते. धूर तेवढाच, पण जागा आठपट झाली. तुमच्या ओसरीवरचा आकडा नुसत्या त्यामुळंच एक अष्टमांशावर येऊ शकतो. कुणी धूर कमी केला असं त्यात काही नाही.

उपग्रह मोजतो ती गोष्टच वेगळी. तो वरून खाली बघतो आणि जमिनीपासून आकाशापर्यंतच्या सगळ्या उभ्या हवेत मिळून प्रकाश किती अडला ते सांगतो. २०० मीटरमध्ये कोंबलेला धूर आणि तोच धूर १६०० मीटरमध्ये पसरलेला, दोन्ही त्याला जवळपास सारखेच. शिवाय नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांच्या फेऱ्या मुळात सकाळी साडेदहा आणि दुपारी दीडच्या सुमाराला ठरवलेल्या होत्या, अलीकडं त्या वेळा सरकल्या आहेत. तुमच्या साडेसहाच्या धुराला ते साक्षीदारच नाहीत. त्यांच्या नेहमीच्या नकाशातला एक चौकोन दहा किलोमीटर बाय दहा किलोमीटरचा असतो, हेही लक्षात घ्या. शेजारच्या रानात पेटलेला एक फड त्यात कुठं दिसणार? तेव्हा दोघंही खरं बोलतात, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. श्वास कसा घ्यायचा हे तुमच्या सेन्सरला विचारा, आणि ऊन किती अडतंय, धूर कुठून कुठं वाहतोय हे उपग्रहाला.

तरी २१० हा आकडा जसाच्या तसा धरू नका. तुमच्या सेन्सरमध्ये एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरसमोरून कण जातात, त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि कारखान्यात ठरवलेल्या हिशेबानं त्याचं वजन काढलं जातं. वजन कुणी केलेलंच नसतं! हवेतले क्षार आणि धुराचे काही कण ओल शोषून फुगतात. अमोनियम सल्फेटचा कण तर आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की विरघळून थेंबच होतो. कृष्णाकाठी जानेवारीच्या पहाटे आर्द्रता ९० च्या पुढं सहज असते. कणातला धूर तेवढाच, पण अंगावर पाणी चढलेलं, म्हणून प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा फुगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं अशाच सेन्सरांच्या एका जातीसाठी एक दुरुस्ती दिली आहे: आकड्याला ०.५२४ नं गुणायचं, त्यातून आर्द्रतेच्या ०.०८६२ पट वजा करायचे आणि ५.७५ मिळवायचे. २१० आणि ९० टक्के आर्द्रता घातली तर उत्तर साधारण १०८ येतं. हे सूत्र तिकडच्या हवेवर बसवलेलं आहे, आपल्या पाचटाच्या धुराला ते तंतोतंत लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण चूक कुठल्या दिशेला आणि केवढी मोठी असू शकते, ते कळायला पुरेसं आहे.

उलट चूकही होते. रस्त्याची, मातीची जाड धूळ हे सेन्सर नीट मोजत नाहीत. म्हणून त्यावरचा पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा मी तरी विचारातच घेत नाही. सांगली-मिरज रस्त्याला धूळ डोळ्यांत जात असताना तो निवांत आकडा दाखवू शकतो. खऱ्या वजनाची पद्धत जुनी आणि कष्टाची आहे: कोरडा कागद तोलायचा, त्यातून मोजून हवा ओढायची आणि कागद पुन्हा तोलायचा. राष्ट्रीय देखरेख कार्यक्रमात हे आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस करायची रीत आहे. त्यातून वर्षाची सरासरी मिळते, पण तुमची पहाट त्यात हरवते. म्हणून मला तुमच्या ओसरीवरच्या सेन्सरची किंमत आहे.

आणखी एक. आपल्याकडची पीएम २.५ ची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली १५. पण दोन्ही २४ तासांच्या सरासरीच्या आहेत. एका तासाचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवून घाबरायचं नाही आणि दुपारचे ३८ बघून निश्चिंतही व्हायचं नाही. दिवसाची सरासरी काढा. सांगली शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे ते अशाच दीर्घ नोंदींमुळं.

त्या झाकणाचं मी एवढं सांगतोय कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिघं पाचगणीच्या टेबल लँडवर सन फोटोमीटर, म्हणजे हवेतून थेट पोचणारं ऊन मोजणारं यंत्र, घेऊन बसलो होतो. मीटर घरी केलेला: पीव्हीसी पाइपचा तुकडा, आत हिरवा एलईडी, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि शेवटाला मल्टिमीटर. एलईडी उजेड देतो तसा उजेड पडला की किंचित वीजही देतो, आणि ती ठरावीक रंगालाच देतो. अमेरिकेतले हौशी शास्त्रज्ञ फॉरेस्ट मिम्स यांनी १९९२ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली आणि शाळांना परवडेल असा मीटर शक्य झाला. नेम धरायला सूर्याकडं बघायचंच नाही. पुढच्या बारीक भोकातून येणारा उन्हाचा ठिपका मागच्या खुणेवर आणायचा. डोळे हे काही पुन्हा मिळत नाहीत, म्हणून हे दोनदा सांगतो: सूर्याकडं बघायचं नाही.

पावणेआठला सुरुवात केली. तेव्हा सूर्य क्षितिजापासून नऊ-दहा अंश वर असतो आणि त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या सहापट हवेतून येतो. साडेनऊला तीस अंशांवर, म्हणजे दुप्पट हवा. दर पाच-सात मिनिटांनी व्होल्ट लिहायचे, त्यांचा लॉगॅरिदम आलेखावर हवेच्या पटीसमोर मांडायचा. हवा स्थिर असेल तर सगळे ठिपके एका रेघेत येतात. ती रेघ शून्य हवेपर्यंत वाढवली की वातावरणच नसतं तर मीटरनं काय दाखवलं असतं ते मिळतं. सॅम्युअल लँग्ली यांची ही शंभर वर्षांहून जुनी रीत, आणि मीटर लावून घ्यायला आजही हीच वापरतात.

खाली वाईच्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्यात धूर साचला होता. वरचा काठ असा सपाट, की पातेल्यात दूध ओतून ठेवलंय. त्या काठाच्या वर डोंगरांची टोकं स्वच्छ, खाली झाडं-घरं सगळं निळसर राखी. साडेआठपर्यंत आमचे ठिपके रेघेत आले. मग त्या सपाट काठाला उकळी फुटल्यासारखे फुगे दिसू लागले आणि नऊच्या सुमारास तो काठ विरघळला. त्यानंतरचे तीन ठिपके रेघेच्या खाली पडले. बरोबरच्या मुलीला वाटलं तिचा हात हलला. हात स्थिर होता. खोऱ्यातला धूर वर चढून आमच्या आणि सूर्याच्या मध्ये आला होता. खाली वाईत त्याच वेळी हवा सुधारत असणार. तुमची सकाळ आणि तुमची दुपार यांच्या मधला क्षण आम्ही वरून बघत होतो.

आता गारव्याचा मुद्दा. तो माणूस अर्धा बरोबर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सल्फेटसारखे फिकट कण ऊन परत फेकतात. १९९१ मध्ये फिलिपीन्सचा पिनाटुबो फुटला तेव्हा दोनेक कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. माणसानं सोडलेल्या कणांचा एकूण परिणामही थंड करण्याकडंच आहे. हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळानं २०२१ च्या अहवालात तो चौरस मीटरला उणे १.१ वॅट धरलाय, अनिश्चितता बरीच मोठी ठेवून. एकट्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम अधिक २.१६ वॅट. म्हणजे कणांनी तापवाढीचा काही भाग झाकून ठेवलाय. पण खालच्या हवेतले कण आठवडाभरात पावसानं नाहीतर आपल्या वजनानं खाली येतात आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. तो गारवा टिकवायचा तर धूर रोज नव्यानं सोडत राहावा लागेल, आणि तो रोज कुणाच्या तरी वडिलांच्या छातीत जाईल.

शिवाय आपल्या धुरात काजळी असते. ती ऊन परत फेकत नाही, पिते. जमिनीवर ऊन कमी पोचतं हे खरं, पण काजळीचा थर स्वतः तापतो. वरची हवा ऊबदार, खालची गार. ओळखीचं वाटतं ना? तेच झाकण, आणखी घट्ट. धूरच धुराला कोंडून ठेवतो. गारव्याची बाजू घेणाऱ्याला मी हेच सांगेन.

ढगांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. थेंब बनायला कण लागतोच. कण फार झाले तर तेच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब लहान राहतात आणि ढग जास्त पांढरा होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची एक प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे ती हेच मोजायला. पावसाळ्यात तिथं ढग अंगणात उतरतात, विमान लागत नाही. पण यावरून कुणी ‘माण-खटावला पाऊस नाही तो धुरामुळं’ असं म्हणू लागलं तर मानू नका. तो दुष्काळी पट्टा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला आहे, साखर कारखान्याच्या धुराड्याहून कितीतरी जुना.

काजळीबद्दल एक गैरसमज दूर करतो. कारखाना सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी कुसळं पडतात आणि लोक तेवढ्यावरच चिडतात. ती मोठी असतात, नाकातच अडतात, खाली पडतात. छातीत उतरतो तो न दिसणारा धूर, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढा आणि त्याहून बारीक. कपडे स्वच्छ निघाले म्हणून हवा स्वच्छ होती असं नाही.

तुमचा स्वतःचा ऊस असेल तर खोडव्याचं पाचट पेटवू नका, सरीत दाबून कुजवा. पाणी कमी लागतं, सेंद्रिय कर्ब वाढतो, हे तुमच्या भागातले अनेक शेतकरी करून दाखवतात. मजुरांची अडचण खरी आहे, पेटवल्याशिवाय फडात शिरायला टोळ्या तयार नसतात हेही मला ठाऊक आहे. निदान पेटवायचंच झालं तर दिवस मावळताना नको, दुपारी, झाकण उघडं असताना.

सेन्सर ओसरीवरून हलवा, स्वयंपाकघराच्या आणि बंबाच्या धुरापासून लांब, पावसा-उन्हापासून आडोशाला. पंख्याच्या जाळीत कोळी घर करतो, महिन्यातून एकदा बघा. आकड्याशेजारी वेळ, आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि धुराचा वास येतोय का ते लिहा. आणि एक डोंगर निवडा. मी अजिंक्यताऱ्यावरून रोज बघतो: जरंडा दिसतो का, तो दहाएक किलोमीटरवर, आणि चंदन-वंदन दिसतात का, ते जवळपास दुप्पट लांब. चंदन-वंदन नुसते पुसट उरले की ३.९ ला त्या वीस किलोमीटरनं भागायचं, दर किलोमीटरला हवा किती प्रकाश खाते ते मिळतं. तुम्हाला येडेनिपाणीचा मल्लिकार्जुनाचा डोंगर चालेल. नकाशावर अंतर मोजून ठेवा.

असे तीन आठवडे लिहून तो तक्ता इथंच टाका, सरासरी आपण मिळून काढू. फेब्रुवारीत कराडला येणं आहे. माझा मीटर घेऊन तिथून तुमच्याकडं येतो, दुपारी उपग्रहाच्या फेरीच्या वेळी दोघं मिळून मोजू. तोवर वडिलांना पहाटे बाहेर पाठवू नका.