वाचक विचारतात : पान एक्सएचटीएमएलचे, मग वागते एचटीएमएलसारखे का?

प्रश्न : आमच्या जुन्या वेब ॲप्लिकेशनच्या प्रत्येक पानावर ‘एक्सएचटीएमएल १.०’चा (एक्सएमएलच्या कडक नियमांनी लिहिलेल्या एचटीएमएलचा) डॉक्टाइप, म्हणजे पानाचा प्रकार सांगणारी सुरुवातीची ओळ, आहे. रिकामा डिव्ह (मजकुराचा गट करणारा टॅग) स्लॅश देऊन जागच्या जागी बंद केला, तर खालचा सगळा मजकूर त्याच्या पोटात गेला. असे का?

उत्तर : डॉक्टाइपवरून ब्राउझर ठरवतो ते एवढेच, की क्वर्क्स मोड (जुन्या ब्राउझरांसारखे पान दाखवण्याची पद्धत) लावायचा की नाही. पान कोणत्या नियमांनी वाचायचे हे सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या, मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या कंटेंट-टाइप हेडरवर असते. डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून पान रीलोड करा, पहिल्या ओळीवर क्लिक करा आणि रिस्पॉन्स हेडर्स पाहा. बहुधा ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ सापडेल. म्हणजे पार्सर (ब्राउझरमधला कोड वाचणारा भाग) एचटीएमएलचा, आणि तो डिव्हमधला स्लॅश सोडून देतो. त्याच्या लेखी डिव्ह उघडाच राहिला. बीआर, इनपुट, आयएमजी यांना बंद करणारा टॅग मुळात नसतोच, त्यामुळे तिथे स्लॅश असला काय, नसला काय. सगळ्यात मजा टेक्स्टएरियाची : तो असा ‘बंद’ केला, की पानाचा उरलेला कोड त्या चौकटीत छापून येतो. तेव्हा डिव्ह, स्पॅन, स्क्रिप्ट, टेक्स्टएरिया यांना बंद करणारा टॅग वेगळा लिहा.

हेडर बदलून एक्सएमएलचा करण्याच्या फंदात मात्र पडू नका. एखाद्या लिंकमध्ये अँपरसँड (&) नुसताच राहिला, तरी पानाऐवजी एररचा मजकूर दिसतो. शिवाय डॉक्युमेंट-राइट (पान उघडतानाच त्यात मजकूर लिहिणारी जावास्क्रिप्टची आज्ञा) वापरणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट तिथे चालत नाहीत.

प्रश्न : मग एक्सएचटीएमएल २ कुठे गेले? आणि ‘एचटीएमएल५’ म्हणायचे की नुसते ‘एचटीएमएल’?

उत्तर : एक्सएचटीएमएल २ ही पुढची नियोजित आवृत्ती जुन्या पानांशी जुळणारी नव्हती, फॉर्मसाठीही त्यात एक्सफॉर्म्स हा वेगळाच संसार होता. जून २००४मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सॅन होजे इथल्या कार्यशाळेत मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्यांनी असलेले एचटीएमएलच वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. ८ मते बाजूने, १४ विरोधात; प्रस्ताव पडला. त्यानंतर लगेच एचटीएमएल पुढे नेण्यासाठी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा गट उभा राहिला. त्याच्या मसुद्याचे नाव होते ‘वेब ॲप्लिकेशन्स १.०’, तेच पुढे एचटीएमएल५ झाले. त्या काळात प्रोग्रॅमचा इंटरफेस लिहिण्यासाठी मोझिलाचे झूल, मायक्रोसॉफ्टचे झॅमल आणि फ्लेक्सचे एमएक्सएमएल अशा भाषा होत्याच, आणि टॅब-मेनूसारखे तयार भाग त्यांच्यात जास्त होते. पण झॅमल-एमएक्सएमएलला आपापला रनटाइम (चालवणारे वेगळे सॉफ्टवेअर) लागे आणि झूल मोझिलाबाहेर चालत नसे. डब्ल्यूथ्रीसीने २००९मध्ये एक्सएचटीएमएल २चे काम थांबवायचे ठरवले, २०१४मध्ये एचटीएमएल५ला शिफारशीचा दर्जा दिला. या दोघांमधल्या (डब्ल्यूथ्रीसी आणि डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी) २०१९च्या करारानंतर सतत बदलत राहणारे एकच ‘लिव्हिंग स्टँडर्ड’ आहे, तेव्हा नुसते ‘एचटीएमएल’ म्हणा. डॉक्टाइपमध्येही आकडा लिहीत नाहीत.

प्रश्न : फॉर्ममधले ‘रक्कम मोजा’ बटन दाबले की पान रीलोड होते.

उत्तर : बटनला टाइप दिलेला नसेल. फॉर्ममध्ये न दिलेला टाइप ‘सबमिट’ धरला जातो. टाइप ‘बटन’ असा लिहा.