इंजिनाचा प्रश्न नंतर. आधी निवृत्तीच्या तक्त्यातून मोटरबोट काढा

एका वाचकांनी विचारलेला प्रश्न सरळ आहे. त्यांच्याकडे 1988 साली बांधलेली 26 फुटी फायबरग्लासची मोटरबोट असून तिचे पेट्रोलवर चालणारे व्ही-8 इंजिन खाऱ्या पाण्याने जाम झाले आहे. कारखान्याने दुरुस्त करून नवे केलेले इंजिन घ्यावे की ड्राइव्हसह, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणाऱ्या मागच्या यंत्रणेसह, पूर्ण नवे, आणि त्यासाठी कर्ज काढावे की निवृत्ती निधीला हात लावावा, असे ते विचारतात. पत्रासोबत त्यांनी घरच्या हिशेबाचा तक्ता पाठवला आहे. रकमा छापू नयेत अशी त्यांची विनंती असल्यामुळे मी सर्व आकडे त्यांच्या हाती येणाऱ्या एका महिन्याच्या पगाराच्या मापात मांडतो. ‘पाच महिने’ म्हणजे पाच महिन्यांचा पगार, असे वाचावे.

वाचकांचे वय 51 आहे, घरात कमावते ते एकटेच आहेत आणि मुलीच्या शिक्षणाची तीन वर्षे शिल्लक आहेत. बोट पाच महिन्यांना घेतली आणि अडीच वर्षांत तिच्यावर आणखी सात महिने खर्च झाले. दुरुस्त इंजिनाचा अंदाज सहा महिने आहे, तर पूर्ण नव्याचा दहा.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे. परंतु तक्त्याच्या सातव्या ओळीत ‘साठाव्या वर्षी बोट विक्री : 40 महिने’ असे लिहिले आहे, आणि त्या ओळीपुढे इंजिनाचा प्रश्न फार लहान ठरतो. ही ओळ भरवशाची वाटल्यामुळेच तुम्ही अडीच वर्षांपूर्वी पगाराच्या 15 टक्क्यांची निवृत्तीची मासिक बचत थांबवून ते पैसे बोटीकडे वळवले. पत्रात ही गोष्ट एका वाक्यात उरकली आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रातील सर्वांत महागडा निर्णय तोच आहे.

चाळीस हा आकडा कुठून आला, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितले आहे: त्याच लांबीची नवी बोट आज सुमारे 80 महिन्यांना मिळते, म्हणून ‘उत्तम स्थितीतील जुनी’ निम्म्याला जाईल. जुन्या बोटीची किंमत अशी ठरत नाही. तिची किंमत त्याच वयाच्या, त्याच प्रकारच्या, चालू स्थितीतील इतर बोटी कितीला विकल्या जातात यावरून ठरते, आणि तुमच्याच धक्क्यावर अशी एक बोट गेल्या वर्षी आठ महिन्यांना गेल्याचे तुम्ही लिहिले आहे. नवी गादी, नवा रंग, नवे इंजिन यांमुळे बोट लवकर विकली जाते आणि घासाघीस कमी होते. तिच्या किमतीचा पल्ला मात्र बदलत नाही. बर्ट्राम 31 किंवा ख्रिस-क्राफ्टच्या जुन्या महोगनी बोटी यांसारखे मोजके अपवाद आहेत, ज्यांच्या मूळ सांगाड्यालाच मागणी असते. तेथेही मनापासून केलेल्या जीर्णोद्धाराचा खर्च विक्रीतून भरून निघेलच असे नाही. ऐंशीच्या दशकात मोठ्या संख्येने बनलेली तुमची बोट त्या गटात बसत नाही, आणि तुम्ही साठीला पोहोचाल तेव्हा तिनेही पंचेचाळिशी ओलांडलेली असेल.

आता तक्ता पुन्हा मांडू. महागाई वजा जाता तीन टक्के वाढ धरली, तर तुमचा आजचा 70 महिन्यांचा निधी नऊ वर्षांत सुमारे 91 होतो. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन वजा जाता वर्षाला साधारण 4.8 महिने लागतील, म्हणजे 25 वर्षांसाठी 120. तुमच्या तक्त्यात 91 अधिक 40 असे 131 होतात आणि वर अकरा उरतात, म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. बोटीची ओळ खोडा. मग 91 भागिले 4.8, म्हणजे जेमतेम 19 वर्षे. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी पैसे संपतात, आणि तुमच्या पत्नी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. तेथे चाळीसऐवजी आठ लिहू नका, शून्यच लिहा, कारण धक्क्याचे भाडे, विमा आणि देखभाल मिळून इंधन सोडून वर्षाला दीड महिना जातो, असा तुमचाच आकडा आहे. नऊ वर्षांत साडेतेरा महिने खाऊन शेवटी आठ देणारी वस्तू मालमत्तेच्या रकान्यात बसत नाही.

जुनी बोट स्वस्तात मिळते, पण तिचा वार्षिक खर्च खरेदीच्या किमतीवर ठरत नाही, हे विकत घेताना कोणीच सांगत नाही. धक्क्याचे भाडे लांबीवर आकारले जाते, सुटे भाग आजच्या भावाने येतात, आणि अशा बोटीचे व्ही-8 इंजिन वेगात असताना तासाला 40 ते 50 लिटर पेट्रोल सहज पिते. पाच महिन्यांना घेतलेली बोट चालवण्याचा खर्च 80 महिन्यांच्या बोटीसारखाच येतो.

थांबवलेली 15 टक्क्यांची बचत या महिन्यापासून पुन्हा सुरू केली, तर नऊ वर्षांत तिचे सुमारे 18 महिने होतात. 91 आणि 18 मिळून 109. अकराची तूट राहते, आणि एक वर्ष उशिरा निवृत्त झालात तर तीही जवळजवळ भरून निघते. अजून सावरता येण्यासारखे आहे, म्हणूनच इतके कठोरपणे लिहीत आहे. याच निधीतून इंजिनासाठी दहा महिने काढले, तर त्यांची नऊ वर्षांची वाढ धरून 13 महिने जातात, म्हणजे निवृत्तीनंतरच्या पावणेतीन वर्षांचा खर्च.

आता बोटीच्या तळाकडे येऊ. तुम्ही ओघात लिहिले आहे की ‘मागच्या आसनाजवळची फरशी पाय दिल्यावर किंचित दबते आणि बोट मागून पूर्वीपेक्षा जास्त बसते’. पूर्ण पत्रात मला सर्वाधिक चिंता वाटली ती या वाक्याची. त्या काळातील बहुतेक फायबरग्लास बोटींमध्ये फरशी, तळातून लांबवर गेलेल्या तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, आणि मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, यांच्या आत लाकूड किंवा प्लायवूड असते. ते वरून फायबरग्लासने झाकलेले असते. आसनाचा एखादा स्क्रू किंवा मागच्या पायरीचा बोल्ट सीलंटशिवाय बसवला, की तेथून पाणी आत शिरते आणि लाकूड वर्षानुवर्षे आतल्या आत कुजते. बाहेरून चकाकी तशीच राहते. फरशीखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी शोषून जड होतो, आणि बोट मागून बसण्याचे तेही एक कारण असते. इंजिनाचे वजन स्ट्रिंगरवर आणि ड्राइव्हचा सगळा जोर ट्रान्समवर येतो. कुजलेल्या वाशांवर नवे छप्पर घालावे, तसा हा दहा महिन्यांचा खर्च होईल.

सुदैवाने इंजिन सध्या बाहेर काढलेले आहे, त्यामुळे एरवी हात न पोहोचणारी जागा उघडी आहे. याच आठवड्यात, विक्रेत्याशी किंवा दुरुस्ती करणाऱ्या कारखान्याशी संबंध नसलेला स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे बोटींची तपासणी करणारा तज्ज्ञ, बोलवा. तो हातोडीने ठोकून आवाज ऐकेल, कारण चांगल्या भागाचा आवाज टणक येतो आणि कुजलेल्याचा बद्द. आर्द्रता मोजण्याचे यंत्र लावेल. आणि तुमची परवानगी असेल तर ट्रान्समच्या आतल्या बाजूने, अगदी खाली, सहा मिलिमीटरचे छिद्र पाडून निघणारा भुसा पाहील. भुसा फिकट आणि कोरडा निघाला तर छिद्र इपॉक्सीने बुजवून पुढचा विचार करता येतो. तो काळपट आणि ओला निघाला, बोटांत चिमटीने दाबल्यावर पाणी सुटले, तर इंजिनाची चर्चा तेथेच संपते. सर्व्हेअरची फी महिन्याच्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे असे तुम्हीच लिहिता, आणि ‘ती वाचवली’ असेही लिहिता. बारा महिने घातलेल्या वस्तूवर 0.2 महिना वाचवणे मला मान्य नाही.

तुमचा ड्राइव्ह ओएमसी कोब्रा आहे, हेही हिशेबात घ्यावे लागते. ओएमसी, म्हणजे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, ही कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. काही भाग इतर उत्पादकांकडून अजून मिळतात, पण मूळ कंपनीचा आधार नाही. दुसऱ्या बनावटीचा नवा ड्राइव्ह लावायचा, तर ट्रान्सममधील कापलेला आकार जुळत नाही; तो बुजवून नव्याने कापावा लागतो. हे काम दहा महिन्यांच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. सहा महिन्यांच्या अंदाजपत्रकात ‘फक्त इंजिन’ असे लिहिले आहे, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर त्यात नाहीत. खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हे बिडाचे भाग काही वर्षांत आतून गंजतात आणि पाणी सिलिंडरमध्ये सोडतात. तुमचे इंजिन बहुधा त्यामुळेच जाम झाले, आणि जुनेच रायझर नव्या इंजिनावर चढवले तर तेच पुन्हा घडेल. मॅनिफोल्ड, रायझर, ड्राइव्हचे रबरी बेलोज, गिंबल बेअरिंग, पंप आणि मजुरी धरली की सहाचे साडेआठ होतात. नव्याचा आकडा किती फुगेल, हे ट्रान्सम पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये.

स्टार्टर आणि अल्टरनेटर मोटारगाडीचे लावून खर्च वाचवण्याचा विचार कृपया सोडून द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचते, आणि बोटीसाठी बनवलेले विद्युत भाग आतली ठिणगी बाहेर जाऊ न देणारे असतात. गाडीचे भाग तसे नसतात. येथे स्फोटाचा धोका आहे, आणि अशा भागामुळे अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

कर्जाबद्दल थोडक्यात. इतक्या जुन्या बोटीच्या तारणावर कर्ज मिळणे अवघड असते, म्हणून ते वैयक्तिक कर्ज होईल. साडेआठ महिने, बारा टक्के व्याज, पाच वर्षे; हप्ता पगाराचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यात 15 टक्के बचत बसणार नाही. कर्ज घेऊ नका.

‘बोट-स्वप्न’ म्हणून चार वर्षांपूर्वी तुम्हाला विकलेली विमा-अधिक-बचत पॉलिसी हे दुसरे दुखणे आहे. विक्रेत्याने ‘दहा वर्षांत दुप्पट’ असे सांगितले. कागदावर मात्र एकूण सहा महिन्यांचा हप्ता भरून हमीचे साडेसात मिळणार आहेत, म्हणजे वर्षाला चार-साडेचार टक्के. हप्त्याने भरलेली रक्कम दहा वर्षांत दुप्पट व्हायला तेरा टक्क्यांच्या जवळ परतावा लागतो, आणि तशी हमी कोणीही देत नाही. हे विकणाऱ्याला ठाऊक असते. तिच्यातील विमा संरक्षण फक्त 20 महिन्यांचे आहे, आणि कमावत्या एकट्या माणसाच्या घराला ते दोन वर्षेही पुरणार नाही. तब्येतीचे अहवाल ठीक असतील तर तितक्याच हप्त्यात साध्या मुदत विम्याचे काही पट संरक्षण मिळते. क्रम मात्र चुकवू नका: मुदत विमा हाती आल्यावरच जुनी पॉलिसी बंद करा. तिच्यातून सुटणारे 1.4 महिने निवृत्ती निधीत जातील, इंजिनात नाही.

मग बोटीचे काय? इंजिनाशिवाय ती पाण्यात भाड्याने उभी आहे. ती आधी ट्रेलरवर जमिनीवर घ्या, म्हणजे भाडे आजच थांबेल. ट्रान्सम ओला निघाला तर ड्राइव्हचे भाग आणि ट्रेलर वेगळे विकून तिचा निरोप घ्या, आणि हे लवकर करा, कारण फायबरग्लासचा सांगाडा मोडीत काढण्याचा खर्च शेवटच्या मालकावर पडतो. ट्रान्सम कोरडा निघाला तर सर्व्हेचा अहवाल जोडून ती इंजिनाविना विकणे हा माझा पहिला सल्ला आहे. तीन महिने आले तरी घ्या. बोटीवरचे तुमचे प्रेम पत्रातील प्रत्येक ओळीत दिसते आणि त्याचा मला आदर आहे, म्हणून दुसरी वाटही सांगतो. लेखी करार करून एक सहमालक घ्यावा, त्याने निम्मी किंमत आणि निम्मा वार्षिक खर्च उचलावा, इंजिन दुरुस्त केलेले पण रायझरसह घ्यावे, आणि तुमचा वाटा सव्वाचार महिन्यांच्या पुढे जाऊ नये. तो वाटा 15 टक्के बचत आणि मुदत विमा सुरू झाल्यानंतर उरणाऱ्या पैशातून साठवावा, मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीतून किंवा आपत्कालीन निधीतून नव्हे. साठवायला दोन-तीन वर्षे लागतील, आणि तेवढा काळ कोरडा सांगाडा ताडपत्रीखाली जमिनीवर सुरक्षित राहतो.

हा निर्णय एकट्याने घेऊ नका. बोटीची ओळ खोडलेला तक्ता पत्नींसमोर ठेवा, कारण साठीनंतरची अधिक वर्षे त्यांची आहेत. सर्व्हेअरचा अहवाल आला की ट्रान्सम आणि स्ट्रिंगरच्या आर्द्रतेचे आकडे मला पाठवा. सहमालकाच्या करारातील मुद्दे त्यानंतर पाहू.