सवलत शनिवारपर्यंत, ठेव कुठपर्यंत?

पारोळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. वय ५४, चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस. मुलगी दिलेली, मुलगा २३ वर्षांचा, बीएस्सी झालेला. गेल्या आठवड्यात बापलेक पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेचा एक क्लास बघून आले. दोन वर्षांच्या बॅचची फी १,८०,०००. शनिवारच्या आत एकरकमी भरली तर १,५०,०००, नाहीतर महिना १५,००० चे बारा 'बिनव्याजी' हप्ते. 'सोसायटीचं पीककर्ज नुकतंच उचललंय, त्यातून एकदम भरू की हप्ते करू?' एवढाच प्रश्न.

पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे: 'पोराच्या राहण्याखाण्याची चिंता नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली. त्या मोबदल्यातून मुलीचं लग्न झालं, उरलेले ९ लाख पतसंस्थेत आहेत. १२ टक्क्यांनी महिना ९,००० येतात. माझे मेहुणेच तिथे संचालक आहेत. दोन वर्षांत पोस्ट निघाली की सगळं फिटेल.'

भाऊ, विचारलंत त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. हप्ते बिनव्याजी नाहीत. आज दीड लाखात मिळणाऱ्या गोष्टीचे वर्षभरात १,८०,००० द्यायचे म्हणजे वरचे ३०,००० हे व्याजच. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून हिशेब केला तर व्याजाचा दर वर्षाला ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. गावातला सावकारही एवढा दर सांगताना खाली बघेल. शिवाय असे हप्ते बहुतेक वेळा क्लास देत नाही, फायनान्स कंपनी देते. क्लासला तिच्याकडून पैसे पहिल्या महिन्यातच मिळतात. पोरगा तिसऱ्या महिन्यात घरी परतला तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो.

म्हणून एकरकमी भरा, असंही मी म्हणत नाही. पीककर्जातून तर मुळीच नाही. ते ३ लाखांपर्यंत शून्य टक्क्यांनी पडतं ते मुदतीत फेडलं तरच. ते पैसे पुण्याला गेले की बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर येणार, आणि त्या उधारीचा दर पावतीवर लिहिलेला नसतो. क्लासला सांगा, तीन-तीन महिन्यांची फी थेट तुमच्याकडे भरतो, पावती जीएसटीसह द्या. नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघा. आणि शनिवारची काळजी करू नका. पुढच्या शनिवारीही हीच सवलत असते.

क्लास बघायला गेलात तेव्हा भिंतीवर फोटो होते, असं तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे. माहिती देणाऱ्या क्लासच्या समुपदेशकाला एकच प्रश्न विचारायचा होता: यातल्या किती जणांनी हाच दोन वर्षांचा कोर्स केला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींबद्दल अनेक क्लासेसना दंड केला आहे. यशस्वी उमेदवारांपैकी बऱ्याच जणांनी तिथे फक्त मुलाखतीची तयारी, तीही फुकट, केलेली निघाली. नोव्हेंबर २०२४ पासून नियमच आहे की फोटो लावायचा तर त्या उमेदवाराची लेखी संमती हवी आणि त्याने कोणता कोर्स केला तेही सांगायला हवं. मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या क्लासच्या फॉर्मवर मात्र 'फी परत मिळणार नाही' असं छापलं आहे. तो फॉर्म तुम्हीच पत्रासोबत पाठवलात आणि तुम्हीच वाचला नाहीत.

इथवर दीड लाखाची गोष्ट झाली. आता नऊ लाखांची.

भाऊ, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. ही मर्यादा २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर आली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा एका रुपयाचाही नाही. हे मी जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सांगतो आहे, याचंच मला नवल वाटतं. आपल्याच जिल्ह्यात मुख्यालय असलेल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी, आला. त्यानंतर ठेवींच्या पावत्या हातात घेऊन लोकांनी किती वर्षं चकरा मारल्या, ते तुमच्या गावातही कुणीतरी सांगेल. त्या शाखांतही व्याज वेळेवर यायचं.

१२ टक्के कशातून येतात, हे मेहुण्यांना एकदा विचारा. तुम्हाला १२ द्यायचे तर संस्थेला कर्ज १५-१६ टक्क्यांनी वाटावं लागणार. ज्याला बँक ९-१० टक्क्यांनी कर्ज देते तो यांच्याकडे कशाला येईल? येतो तो बँकेने परत पाठवलेला. तुमची महामार्गात गेलेली जमीन आज त्या माणसाच्या भरवशावर उभी आहे. मेहुणे संचालक आहेत ही तुम्हाला खात्री वाटते, मला ती अडचण वाटते. त्यांच्यामुळे तुम्ही ताळेबंद मागत नाही, आणि पैसे काढायची वेळ आली तर बायकोच्या माहेराशी वाकडं येईल म्हणून थांबाल. मेहुणे प्रामाणिक असतील, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. संचालकाच्या प्रामाणिकपणाने थकीत कर्ज वसूल होत नाही.

हिशेब बघा. हेच ९ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवले तर महिना ५,५५० येतात. एकट्याच्या नावावर तिथली मर्यादा ९ लाखच आहे, म्हणजे तुमची रक्कम अगदी माप घेतल्यासारखी बसते. आज मिळतात त्यापेक्षा महिना ३,४५० कमी, वर्षाला साधारण ४१,०००. या ४१,००० साठी तुम्ही ९ लाख पणाला लावले आहेत. ते बुडाले तर जादा व्याजाने भरून यायला बावीस वर्षं लागतील. तुम्ही तेव्हा ७६ वर्षांचे असाल. पेन्शन नाही, चार एकर पावसावर, दुसरी ठेव नाही. तुमचं आणि वहिनींचं म्हातारपण म्हणजे ही एक पावती आहे आणि ती तुम्ही पोराच्या मेसच्या बिलाला जुंपली आहे.

राहता राहिली पोराची पोस्ट. 'पोऱ्या साहेब व्हई जाई' हे प्रत्येक बापाला वाटतं, वाटू द्या. पण दोन वर्षांत सगळं फिटेल, हा हिशेब नव्हे, नवस आहे. २०२४ च्या यूपीएससी नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ जण बसले. मुख्य परीक्षेला १४,६२७ पात्र ठरले, मुलाखतीला २,८४५ गेले, निवड १,००९ जणांची. बसलेल्या ५८० मध्ये एक. समुपदेशक म्हणाला की राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे एकाच अभ्यासात दोन्ही होतात. अभ्यासक्रम जवळ आला हे खरं. पण मग यूपीएससीची तयारी करणारी पोरंही तुमच्या पोराच्या रांगेत आली, हे त्याने सांगितलं नाही.

तुम्ही शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याच्या डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण दिलंत. फार मोठी गोष्ट आहे ती. पण त्यांच्याजवळ एमबीबीएसची पदवी होती. नसते झाले कलेक्टर तर डॉक्टर होते. तुमच्या पोराचं 'नाहीतर' काय, ते पत्रात कुठेच नाही. बीएड, बँकेची परीक्षा, एखादी नोकरी, काहीतरी त्याच्याकडून लिहून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर पोराला सध्या पुण्याला पाठवलंच नसतं. सारथी, महाज्योती, बार्टी या वेगवेगळ्या प्रवर्गांसाठीच्या शासकीय संस्थांच्या योजनांमध्ये प्रवेश परीक्षा पास झाल्यावर प्रशिक्षण आणि वर विद्यावेतनही मिळतं. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही, पण यातली कोणती तुम्हाला लागू होते ते पोराला शोधता येईल. शासनाची पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यातलं एक नाशिकला. ती प्रवेश परीक्षा हीच त्याची पहिली चाचणी समजा. सहा महिने घरी किंवा जळगावच्या अभ्यासिकेत बसून तीही निघाली नाही, तर पुण्यात कॉट बेसिसवर राहून काय वेगळं होणार आहे? निघाली तर वरखर्चाला एकूण दोन लाख आणि दोन प्रयत्न, असं आधीच ठरवा आणि त्याला तोंडावर सांगा. ते दोन लाख कापसाच्या पैशातून वर्षाला थोडे थोडे जमवा, ठेवीला हात न लावता.

आता सोमवारी काय करायचं ते सांगतो. मेहुण्यांना आधी फोन करू नका. मूळ पावती आणि लेखी अर्ज घेऊन शाखेत जा आणि दोन लाख मुदतीआधी मोडून मागा. थोडं व्याज कापतील, कापू द्या. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्या. पैसे त्याच आठवड्यात खात्यात आले तर उरलेले सात लाखही ओळीने काढा आणि पोस्टात न्या. 'साहेब बाहेर गेलेत, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकू आलं, तर त्याच दिवशी तो शिक्का मारलेला अर्ज घेऊन सहकार खात्याच्या सहायक निबंधकांचं कार्यालय गाठा आणि मला कळवा. फीचं आपण त्यानंतर बोलू.