दुधाच्या पिशवीचा कोपरा

दुधाच्या पिशव्या मी सुक्या कचऱ्यात टाकते. सासूबाई म्हणतात, धुऊन भंगारवाल्याला द्याव्यात. फरक काय पडतो? (लालबाग)

सासूबाईंचं ऐका. दुधाची पिशवी चार नंबरच्या प्लास्टिकची, म्हणजे एलडीपीईची असते. ती वितळवून पुन्हा प्लास्टिकचा दाणा करता येतो, म्हणून तिला भाव आहे. पण भाव कोरड्या पिशवीला. दूध ओतून तशीच चुरगळून टाकली, की दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो आणि तिला कोणी हात लावत नाही.

पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवा. आमच्याकडे ते पाणी चहाच्या आधणात जातं. मग ओली पिशवी ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवा. वाळली की आपोआप गळून पडते. आणि हो, कोपरा पूर्ण कापू नका. नखाएवढा तो तुकडा सिंकमध्ये, तिथून गटारात जातो. तो वेचणं कोणालाच शक्य नाही. फक्त चीर द्या, कोपरा पिशवीलाच लोंबू दे.

दुकानातली 'कंपोस्टेबल' पिशवी कुंडीत पुरली. आठ महिने झाले, जशीच्या तशी! फसवलं का? (बोरिवली)

फसवलंच असेल असं नाही. अशा बहुतेक पिशव्या कुजायला खत प्रकल्पातली ५५-६० अंशांची उष्णता बरेच दिवस लागते. गॅलरीतल्या कुंडीत ती कुठून येणार? भंगारात घातली तर चांगलं प्लास्टिकही बिघडवते. पुढच्या वेळी दुकानदाराला 'नको' म्हणा.

लग्नाकार्यात मिळालेल्या तीसेक कापडी पिशव्या घरात आहेत. त्या देऊन ऑरगॅनिक कॉटनच्या घेऊ का? (दादर)

अजिबात नको! कापूस पिकवायला, विणायला पाणी आणि ऊर्जा लागतेच. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११च्या अहवालाचा हिशेब असा: एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी कार्बनच्या बाबतीत बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून दोनदा मंडईत नेलीत तर सव्वा वर्ष. तीस पिशव्यांचं गणित तुम्हीच करा. खरी अडचण पिशवी विसरण्याची असते. दोन दाराच्या कडीला अडकवा, एक ऑफिसच्या बॅगेत घडी करून ठेवा. उरलेल्या पिशव्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना द्या, गिऱ्हाइकांना देतील.

गॅलरीत खत करायला घेतलं. वास आणि चिलटांनी शेजारी वैतागलेत. सोडून देऊ का? (चेंबूर)

चेंबूरकरांनी तरी सोडू नये. जानेवारी २०१६मध्ये तुमच्या शेजारचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा धुरामुळे पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आठवतंय? ढिगाऱ्याखाली हवेशिवाय कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो. तो पेट तर घेतोच, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो.

वास येतो म्हणजे तुमच्या डब्यातही तेच चाललंय: पाणी जास्त, हवा कमी. मूठभर ओल्या कचऱ्यावर दोन मुठी सुका पाला, कोकोपीट किंवा फाडलेलं वर्तमानपत्र घाला आणि दोन-तीन दिवसांनी ढवळा. मूठ दाबल्यावर पाणी ठिबकायला नको. आमटी-भाताचं खरकटं आणि मासळीचे काटे सध्या नकोतच. चिलटांसाठी वर सुक्या मातीचा थर द्या. पावसाळ्यात पाला मिळत नाही, म्हणून मे महिन्यातच सोसायटीच्या आवारातला दोन गोणी भरून ठेवायचा. माळ्याला सांगून ठेवा, नाहीतर तो जाळून मोकळा होतो.

रोजचा प्रवास लोकलने. घरी एसी कितीवर ठेवू? (अंधेरी)

२४वर, पंखा लावून. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. रोज लोकलने जाता असं लिहिलंय, तेव्हा गाडीवाल्या शेजाऱ्यापेक्षा तुम्ही आधीच पुढे आहात.